स्कुबाची बुडी आणि परतीचे विमान

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील कौटुंबिक सहलीवर जो पानभर लेख आला, तो आमच्या घरात सर्वांनी आवडीने वाचला. समुद्राचे वर्णन उत्तम होते, शाकाहारी माणसाचे तिकडे कसे भागते याची माहिती उपयोगाची होती आणि लेखाखाली दिलेली आठ दिवसांची कार्यक्रमपत्रिका तर अनेकांनी कापून ठेवली असेल. माझे हे पत्र त्या पत्रिकेतील एका ओळीबद्दल आहे. आठव्या दिवसासाठी तिथे ‘सकाळी स्कुबा डायव्हिंग (पॅकेजमध्ये समाविष्ट, पोहता येणे आवश्यक नाही), दुपारी विमानतळाकडे प्रस्थान’ असे छापले आहे. ही ओळ जशीच्या तशी पाळणारे कुटुंब स्वतःला धोक्यात घालील आणि आपण काही वावगे करतो आहोत अशी पुसटशी शंकाही त्याला येणार नाही. स्कुबाची तयारी समुद्रकिनारी नव्हे तर इथे ठाण्यात, बुकिंगच्या टेबलावर आणि आपल्या फॅमिली डॉक्टरसमोर सुरू व्हायला हवी आणि शेवटची बुडी व परतीचे विमान यांच्यामध्ये बुडीविना एक पूर्ण दिवस राहायला हवा, एवढेच मला सांगायचे आहे. ते थोडे सविस्तर सांगण्याची परवानगी असावी.

कॅरिबियन म्हटले की माझ्या पिढीला रेडिओ आठवतो. १९७१ साली सुनील गावसकरांनी पदार्पणाच्याच मालिकेत ७७४ धावा कुटल्या, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन, किंग्स्टन ही नावे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाआधी समालोचनातून पाठ झाली. तिथे कधी जाता येईल असे मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आज नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या कोणत्याही टूरवाल्याकडे गेलात तर जमैका, बार्बाडोस, कॅनकून यांची रंगीत पत्रके काचेवर चिकटवलेली दिसतात. त्यातही कॅनकूनला मागणी अधिक, कारण वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही आणि ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये आहेत असे आईवडील ‘तिकडे गेलोच आहोत तर’ म्हणून आठवडाभर त्या किनाऱ्यावर जाऊन येतात. आम्हीही असेच गेलो. मुलगा, सून, बारा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे.

तिथल्या रिसॉर्टची व्यवस्था आता बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. पोहोचल्याबरोबर मनगटावर एक पट्टा बांधतात आणि मग नाश्त्यापासून मध्यरात्रीच्या खाण्यापर्यंत, कयाकपासून संध्याकाळच्या गाण्याबजावण्यापर्यंत कशालाही पाकीट काढावे लागत नाही. फुकट ते पौष्टिक मानणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय मनाला ही व्यवस्था फारच भावते, आणि जे जे पट्ट्यात आहे ते वसूल करायचे अशी एक चढाओढच सुरू होते. स्कुबाही त्याच भरात घेतला जातो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जे समाविष्ट असते ते तरणतलावातले अर्ध्या-पाऊण तासाचे प्रात्यक्षिक; समुद्रातल्या बुडीचे डॉलर निराळे, सागरी उद्यानाचे शुल्क निराळे. काही रिसॉर्टमध्ये बुड्या खरोखरच किमतीत धरलेल्या असतात, पण त्या ज्यांच्याकडे आधीच प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठी. नवख्यांसाठी नव्हे.

आपल्या लेखात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो. त्यात थोडी पाठ्यपुस्तकी माहिती, तरणतलावातला सराव आणि समुद्रातल्या चार बुड्या असतात, त्यासाठी २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि १० मिनिटे आधाराशिवाय पाण्यावर तरंगावे लागते, आणि तो पुरा केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येते. दुसरा प्रकार हा निव्वळ चव घेण्याचा. त्यात प्रशिक्षक शेजारीच असतो, मर्यादा १२ मीटरची असते, वयाची अट १० वर्षांची असते आणि पोहण्याची परीक्षा घेतली जात नाही. म्हणजे ‘पोहता येणे आवश्यक नाही’ हे नियमाने खोटे नाही. परंतु बुडी संपवून माणूस वर येतो, नाव थोडी दूर असते, लाटा तोंडावर आदळत असतात आणि पाठीवर जड सिलिंडर असतो, तेव्हा तलावपाळीच्या कट्ट्यावरून ज्याने आयुष्यभर फक्त पाणी पाहिले आहे अशा माणसाची काय अवस्था होते, हे पत्रकात छापलेले नसते. पाण्यात पडले की पोहता येतेच, ही म्हण बोलायला ठीक आहे. महापालिकेच्या तरणतलावात एक उन्हाळा घालवून मग जावे हे अधिक बरे.

माझी सारी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, दाबाखालच्या हवेच्या यंत्रांवर झाली. त्यामुळे किनाऱ्यावरच्या त्या गवताने शाकारलेल्या टपरीत शिरल्यावर माझी नजर आधी रांगेत उभ्या केलेल्या सिलिंडरच्या मानेकडे गेली. ॲल्युमिनियमच्या त्या नळकांड्यावर ३००० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ बार, एवढा दाब कोरलेला होता. मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या हा जवळजवळ शंभरपट. शेजारी जलदाब-चाचणीचा महिना आणि साल ठोकलेले होते. अमेरिकन पद्धतीत ही चाचणी दर पाच वर्षांनी करतात आणि आतून डोळ्यांनी तपासणी दरवर्षी. आपल्याकडे अशा सिलिंडरवर नागपूरच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संस्थेचे, म्हणजे ‘पेसो’चे, नियम चालतात. तिथल्या मुलाला मी ते साल मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा तो जरा चकित झाला आणि मग त्याने आपणहून मला कॉम्प्रेसर दाखवायला नेले. हवा ओढणारी नळी जनित्राच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला ठेवलेली होती. मला समाधान वाटले. हे प्रत्येक प्रवाशाला जमेल असे नाही, पण मानेवरचे साल वाचायला अभियंता असावे लागत नाही.

खरा प्रश्न सिलिंडरमधल्या दाबाचा नसून पाण्याच्या दाबाचा आहे. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० वर तीन, ३० वर चार. रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घेण्याचे उपकरण) आपल्याला आजूबाजूच्या दाबाइतकीच दाबलेली हवा देतो, म्हणून छातीवर ओझे जाणवत नाही आणि माणूस खुशाल श्वास घेत राहतो. परंतु १० मीटरवर भरलेला श्वास कोंडून तो वर आला, तर शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमाप्रमाणे त्याच हवेचे आकारमान पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते. फुप्फुसाला तेवढे ताणण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. फुप्फुसाचा पडदा फाटतो, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हवा फक्त एक-तृतीयांशाने फुगते, आणि शेवटच्या १० मीटरमध्ये ती दुप्पट होते. म्हणजे उथळ पाणी म्हणून आपण जे सुरक्षित समजतो तिथेच बदल सर्वांत वेगाने होतो. दीड-दोन मीटरवरून श्वास रोखून उसळी मारणाराही यातून सुटत नाही. म्हणूनच प्रशिक्षक पहिला नियम सांगतो तो हा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. आणि घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती नेमकी श्वास रोखण्याची.

हवेचा हिशेबही याच दाबावर चालतो. त्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये मोकळ्या हवेच्या मापाने साधारण २२०० लिटर हवा मावते. शांत माणूस हलक्या हालचालीत मिनिटाला वीसेक लिटर वापरतो असे धरले तर १० मीटरवर तीच मिनिटाला चाळीस लिटर लागते, आणि शिल्लक म्हणून ५० बार राखायचे असतात. धडपडणारा नवखा याच्या दुप्पट हवा संपवतो. ज्याची हवा आधी संपेल त्याच्याबरोबर सगळ्यांना वर यावे लागते, म्हणून एका प्रशिक्षकामागे किती माणसे आहेत हे विचारणे अत्यंत महत्त्वाचे आहे. नवख्यांच्या समुद्रातील बुडीसाठी पॅडीसारखी स्कुबा-प्रशिक्षण संस्था एका प्रशिक्षकामागे चार जणांची मर्यादा घालते. आपल्या पुरवणीतल्या छायाचित्रात मी एका प्रशिक्षकाभोवती सात डोकी मोजली. ते छायाचित्र कुठले आहे ते ठाऊक नाही, पण ते छापायला नको होते.

आता कानाबद्दल. जमिनीवर हसण्यावारी नेली जाणारी ही गोष्ट पाण्यात सर्वांत आधी अडवते. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कानाच्या पडद्यावर दाब जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की घशाकडून कानात हवा जाते आणि पडदा सैल होतो. हे दर मीटरला, दुखू लागण्यापूर्वी करायचे असते. सर्दी असेल तर ती वाट बंद असते, आणि जोर लावून फुंकणे हा पडदा फाडून घेण्याचा खात्रीचा मार्ग. लांबच्या विमानप्रवासातून आणि वातानुकूलित खोल्यांतून आलेल्या किती जणांचे नाक तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोकळे असते? आमच्या मुलाचे नव्हते. नांगराच्या दोराला धरून तो तीनेक मीटर खाली गेला, मग त्याने पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवले, प्रशिक्षकाने त्याला हाताभर वर आणले, पुन्हा प्रयत्न केला, आणि तिसऱ्या खेपेला त्याला सरळ नावेवर पाठवून दिले. तो हिरमुसला, पण त्या प्रशिक्षकाच्या निर्णयाचे मला कौतुक वाटले. सर्दीची गोळी घेऊन पाण्यात उतरणारे असतात. गोळीचा अंमल खालीच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते आणि तेव्हा तर थांबून राहण्याची सोयही नसते. नातू मात्र कान सहज मोकळे करत गेला. सगळे उत्तम आहे असे कळवण्यासाठी त्याने अंगठा उंचावला, तेव्हा प्रशिक्षक त्याला वर नेऊ लागला, कारण पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर जायचे आहे’ असा होतो. ठीक आहे म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करावा लागतो.

माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे वैद्यकीय अर्ज. बुडीपूर्वी प्रत्येकाला एक प्रश्नावली भरावी लागते. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, मधुमेह, फिट किंवा चक्कर, गर्भारपण, पाठीचे दुखणे, घाबरण्याचा त्रास हे सारे त्यात विचारलेले असते. पंचेचाळिशी उलटलेल्यांना धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब याबद्दलही विचारतात. ठरावीक प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही आणावी लागते. आमच्या त्या टपरीत लाकडी फळीवर ओल्या हातांनी सुरकुतलेले अर्ज ठेवले होते आणि दोरीला बांधलेले बॉलपेन होते. माझ्या पुढच्या एका गृहस्थांनी, आपल्याकडचेच होते, प्रश्न न वाचता ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली, सही ठोकली, आणि नावेकडे निघताना खिशातला दम्याचा पंप काढून पत्नीच्या पर्समध्ये टाकला. त्या बाईंच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण चारचौघांत बोलणार कोण? मी रक्तदाबाची गोळी रोज घेतो, म्हणून माझ्या अर्जात ‘हो’वर खूण होती. डॉक्टरांचे पत्र आणा, मगच पाण्यात, असे मला सांगण्यात आले. रिसॉर्टच्या डॉक्टरची तपासणी डॉलरमध्ये आणि तीही दुसऱ्या दिवशी. मी स्नॉर्केल (टोक पाण्यावर राहणारी श्वास घेण्याची नळी) लावून वरूनच पाहायचे ठरवले. त्यांचे काहीच चुकले नाही. प्रश्न असा आहे की जो अर्ज जगभर जवळपास सारखा आहे, इंटरनेटवरून कोणालाही उतरवून घेता येतो आणि ज्यावर माझ्या पाचपाखाडीतल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत ईसीजी पाहून सही केली असती किंवा सरळ नाही म्हटले असते, तो अर्ज हजारो मैल दूर, नाव सुटायच्या पाच मिनिटे आधी प्रवाशाच्या हातात का पडावा? अशा वेळी पैसे भरलेले असतात, मुले फिन्स घालून तयार असतात, आणि खरे सांगणारा माणूस सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा ठरतो. खोटे बोलण्याची ही सोय आपणच करून ठेवली आहे.

यावर टूरवाले म्हणतात की आम्ही तिकिटे आणि हॉटेले विकतो, डॉक्टरकी करत नाही. मान्य. परंतु व्हिसासाठी बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, आयकर विवरणपत्रे आणि विशिष्ट मापाची छायाचित्रे जे कार्यालय तीनतीनदा तपासून घेते, त्याला एका कागदाची प्रत फाइलला जोडणे जड जाऊ नये.

आता त्या आठव्या दिवसाबद्दल. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या इतर भागांत नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो; म्हणूनच वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९ मीटरच्या आत ठेवतात आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात. तरीही बुडीनंतर कित्येक तास शरीरात जादा नायट्रोजन शिल्लक असतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीइतका नसतो. तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या डोंगरमाथ्याइतका कमी असतो. दाब असा अचानक उतरला की शिल्लक नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही होऊ शकतात. कधी खांदा-गुडघा दुखतो, कधी हातापायांना मुंग्या येतात, आणि क्वचित पाय लुळे पडतात. त्यावर उपचार म्हणजे प्रेशर चेंबरमध्ये पुन्हा दाबाखाली ठेवून प्राणवायू देणे, आणि विमान समुद्रावर असताना तो चेंबर कुठून आणणार? म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास विमान टाळायला सांगते. बरेच प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात. नवख्याने उथळ पाण्यात मारलेल्या एका बुडीनंतर प्रत्यक्ष त्रास होण्याची शक्यता कमी असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सकाळी बुडी आणि दुपारी विमान हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

यातली गंमत अशी की दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही. त्याच आठ दिवसांत चिचेन इत्झा आणि तुलुम इथले माया संस्कृतीचे अवशेष आहेत, खरेदीचा दिवस आहे. समुद्र आधी ठेवा आणि अवशेष शेवटी. बस तीच, हॉटेल तेच. एका सहल कंपनीला मी हे फोनवर सुचवले तेव्हा ‘काका, शेवटच्या दिवशी चेक-आउट अकराला असतो, लोकांना सकाळी काहीतरी करायला लागते’ असे उत्तर मिळाले. लोकांना सकाळी झोपू द्यावे.

मद्याबद्दल फार लिहीत नाही. जिथे तरणतलावातच दारूचा गुत्ता असतो आणि सकाळी अकरापासून ग्लास भरले जातात, तिथे दुपारी दोनच्या बुडीला कोण कोणत्या अवस्थेत येते हे पाहणारी व्यवस्था फक्त प्रशिक्षकाचे नाक. विम्याचेही तसेच. आपल्याकडच्या बहुतेक साध्या प्रवास-विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यांच्यासाठी वेगळा हप्ता असतो, आणि चेंबरच्या उपचारांचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. पॉलिसीचे ते बारीक अक्षरातले पान जाण्याआधी वाचावे.

हे सारे वाचून कोणी स्कुबाच्या वाटेला जाऊ नये असा माझा हेतू समजू नये. सून आणि नातू कोझुमेल बेटाजवळच्या प्रवाळावरून वर आले तेव्हा दोघे एकाच वेळी बोलत होते. ती प्रवाळरांग युकातानच्या टोकापासून होंडुरासच्या बेटांपर्यंत सुमारे १००० किलोमीटर पसरलेली आहे, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफनंतरची जगातली सर्वांत मोठी. कोझुमेलला प्रवाह इतका असतो की पोहावे लागत नाही. पाणीच माणसाला भिंतीच्या कडेने वाहून नेते आणि नाव वरून मागोमाग येते. नातवाला सर्वांत नवल वाटले ते रंगांचे. आईच्या पोशाखावरची लाल पट्टी खाली गेल्यावर तपकिरी झाली, कारण पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, आणि प्रशिक्षकाने टॉर्च टाकताच ती पुन्हा लाल झाली. प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशांचा कुरकुर आवाज त्याला सगळीकडून एकदम ऐकू येत होता, कारण पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चारपटीहून अधिक वेगाने जातो आणि तो कोणत्या बाजूने आला हे कानांना ठरवता येत नाही. मीही वरून, स्नॉर्केलमधून, एक कासव अगदी शेजारून श्वास घ्यायला येताना पाहिले. त्याच्या पाठीवर हिरवट शेवाळ होते आणि माझ्याकडे त्याचे मुळीच लक्ष नव्हते.

त्या प्रवाळाची प्रकृती बरी नाही, हेही लेखात यायला हवे होते. २०१८ पासून मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर प्रवाळांच्या जीवपेशी गळून पडण्याचा एक रोग पसरला, २०२३ च्या उष्णतेने अनेक ठिकाणी प्रवाळ पांढरे पडले, आणि हिंदी व प्रशांत महासागरांतला लायनफिश तिथे उपरा म्हणून शिरून स्थानिक माशांची पिल्ले फस्त करतो आहे. कोझुमेलच्या सागरी उद्यानात म्हणूनच हातमोजे घालू देत नाहीत, कारण मोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळाला हात लावतो. उन्हाचे मलमही लावू देत नाहीत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा ठाण्यातच घेऊन ठेवावा. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी आणखी एक. २०११ पासून सारगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन पडते आणि कुजू लागले की त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पत्रकातली पांढरी वाळू तेव्हा शोधावी लागते. दिवाळीची सुट्टी धरावी तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम. ज्यांना जमेल त्यांनी नाताळनंतरचे आठवडे पाहावेत.

शेवटी आपल्या घरच्या समुद्राबद्दल, कारण कॅरिबियनला जाणारे मोजके आणि मालवणला जाणारे असंख्य. १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य, तारकर्लीचे पर्यटन महामंडळाचे स्कुबा प्रशिक्षण केंद्र, आणि किनाऱ्यावरचे अनेक खासगी व्यावसायिक यांमुळे ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांची पहिली बुडी बहुधा तिथेच होते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची नाव उलटून दोघांचा मृत्यू झाला, ही आपल्याच पानांवरची बातमी होती. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. नोंदणीचे पत्र दाखवा असे म्हणण्याचा प्रवाशाला पूर्ण अधिकार आहे. तिथेही वैद्यकीय अर्ज असतो आणि तिथेही तो वाळूवर उभे राहून भरला जातो. विमानाचा नियम तर आता तिथेही लागू पडतो, कारण सकाळी मालवणात बुडी मारून संध्याकाळी चिपीहून किंवा मोपाहून विमान पकडणारे मी पाहिले आहेत. मोटारीने येणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की वरील तासांचा सल्ला ६०० मीटरच्या पुढील उंचीसाठी आहे आणि आंबोली त्याहून उंच आहे. बुडीनंतर लगेच घाट चढण्यापेक्षा ती रात्र किनाऱ्यावर काढावी.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे, की उन्हाळी सहलींच्या बुकिंगला आता सुरुवात झालेली असताना पुरवणीत ती आठ दिवसांची पत्रिका दुरुस्त करून पुन्हा छापावी आणि तिच्याबरोबर वैद्यकीय प्रश्नावलीतले मुख्य प्रश्न मराठीत द्यावेत. टूरवाल्यांच्या जाहिराती त्याच पानावर असतात. त्यांच्याही नजरेस ते पडेल.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)